नऊ वाईट मतं

“मॅडम, जरा उभ्या राहा. म्हणजे कोणाबद्दल चाललंय ते मुलांना कळेल.”

विभागप्रमुख सर माइकवरून म्हणाले आणि कोवे मॅडम उभ्या राहिल्या. सेमिनार हॉलमध्ये रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.चे आम्ही चोवीस विद्यार्थी, चार शिक्षक, प्रयोगशाळेचे दोन सहायक. सगळे बसलेले. त्या एकट्या उभ्या. हातात खडूचा डबा, कारण पुढचा तास त्यांचा होता. सेंद्रिय रसायनाचा.

सरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचलं, “‘मॅडमची भाषा ऐकून आपण विद्यापीठाच्या वर्गात आहोत की आठवडी बाजारात, ते समजत नाही.’”

हॉल हसला. सरांनी हसणं संपू दिलं. मग म्हणाले, “हे मी म्हणत नाही. विद्यार्थी म्हणतात.”

दुसरा कागद. “‘उत्तर चुकलं की का चुकलं ते पुन्हा पुन्हा विचारतात. त्यामुळे विद्यार्थ्यांमध्ये न्यूनगंड येतो.’” मग तिसरा. चौथा. असे नऊ.

मॅडम सरांकडे बघत नव्हत्या. आमच्याकडे बघत होत्या. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, हजेरी घ्यावी तशा. मी दुसऱ्या रांगेत होते. त्यांची नजर माझ्यापर्यंत यायच्या आत मी वही उघडली आणि लिहू लागले. काय लिहीत होते ते आजही आठवतं. त्या दिवसाची तारीख. तीच, खाली खाली, सहा-सात वेळा.

वाचन संपल्यावर त्यांनी विचारलं, “सर, हे कागद मले पाह्यले भेटतीन का?”

“ते गोपनीय असतात,” सर म्हणाले, आणि आत्ताच माइकवरून वाचलेले गोपनीय कागद त्यांनी फाइलमध्ये ठेवले.

ती नऊही मतं माझी होती. मी लिहिली होती. नऊ वेगवेगळ्या अक्षरांत.

बाजाराच्या वाक्यावर हॉल हसला तेव्हा मीही हसले होते.

कॉलेजला दर्जा देणारी एक समिती काही वर्षांनी येते. ती यायच्या महिनाभर आधी कॉलेज जागं होतं. भिंतींना रंग लागतो. भाड्याच्या कुंड्या येतात. मुलींच्या संडासाला कडी बसते. आमच्या विभागाच्या दारात बेंझिनची भली मोठी रांगोळी काढली होती आणि तिच्यात चार दुहेरी बंध होते. बेंझिनमध्ये ते तीन असतात, हे बारावीतल्या पोरालाही माहीत असतं. समितीतल्या एका प्राध्यापकांनी त्या रांगोळीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आत काचेच्या कपाटात रेणूंची मॉडेलं होती. रंगीत गोळे, चकचकीत दांड्या, परदेशी बनावट. डब्यांवरची चिकटपट्टी फोडलेली नव्हती. समिती आली की कपाट उघडायचं, समिती गेली की कुलूप.

समितीला विद्यार्थ्यांचे अभिप्रायही दाखवावे लागतात. प्रत्येक शिक्षकाबद्दल प्रत्येक विद्यार्थ्याचा एक फॉर्म. दहा प्रश्नांना गुण द्यायचे, आणि खाली तीन मोकळ्या ओळी: आपले मत. आमच्याकडे ते फॉर्म वर्षभर कुणी वाटलेच नव्हते. समिती आठ दिवसांवर आली तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुलांच्या हातात दिले की मुलं काहीबाही लिहितात, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ते म्हणाले, “तुमचं अक्षर मी बघितलंय. तुमच्यातल्या मुलीचं इतकं सुरेख अक्षर बघून खरंच आनंद होतो.”

तुमच्यातल्या.

आम्ही बौद्ध. राजुऱ्याच्या अलीकडचं गाव. बाबा कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. देव्हारा होता त्या कोनाड्यात त्यांनी पुस्तकं ठेवली आणि नातवंडांना वाचायला शिकवलं. हा शब्द कोणत्या तोंडातून कसा येतो, हे मला पाचवीपासून पाठ आहे. त्या दिवशी अपमान कळलाच नाही, असं लिहिता आलं असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं. मला तो कळला. आणि त्याच्या पाठोपाठ आलेलं कौतुक मी उचलून घेतलं. प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण सरांच्या हातात होते, हे खरं. पण नुसत्या भीतीनं माणूस एवढं मन लावून काम करत नाही.

जुन्या तराजूंच्या खोलीत मला बसवलं. निळं पेन, काळं पेन, जाड शाईचं, बारीक टोकाचं. कधी अक्षर उजवीकडे झुकवायचं, कधी डावीकडे. काही फॉर्म डाव्या हातानं. तीन दुपारी मी चोवीस माणसं झाले होते. सरांबद्दल मी लिहिलं, ‘सरांचे अध्यापन ऋषितुल्य आहे.’ एके ठिकाणी लिहिलं, ‘सर वर्गात आले की अंधारात दिवा लागतो.’ सरांचा तास दुपारी दोनला असायचा आणि ते तो क्वचितच घ्यायचे.

गठ्ठा घेऊन केबिनमध्ये गेले. सर एकेक वाचत गेले. दिव्याच्या वाक्याशी थांबले. चष्मा काढला. रुमालानं डोळे टिपले.

“मुलांचं प्रेम आहे हो,” म्हणाले.

मी समोर उभी. बोटांना चार प्रकारची शाई लागलेली. ती त्यांना दिसत होती. तरी ते गहिवरले होते, आणि तो गहिवर खोटा नव्हता. एवढा मोठा माणूस एवढ्या स्वस्तात भरून येतो, हे बघून मला हसू आलं आणि ते मी गिळलं. आज वाटतं, तिथंच मोठ्यानं हसले असते तर पुढचं टळलं असतं.

कारण डोळे पुसून झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की सगळंच गोड झालंय. समिती संशय घेईल. थोडं कडू पाहिजे. त्यांनी शिक्षकांची यादी समोर ओढली. तीन नावं कायम नोकरीतली. ती त्यांनी बोटानं ओलांडली.

“कोवे मॅडमच्या फॉर्मवर घाला. आठ-नऊ पुरेत. त्या तासिकेवर आहेत, दरवर्षी नव्यानं मुलाखत असते. त्यांना काय फरक पडतोय?”

मी ‘हो सर’ म्हणाले. त्या दिवसातले माझे एवढेच दोन शब्द.

कोवे मॅडम धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गोंड गावातल्या. सेट पास. कॉलेजात सहा वर्षं, पण दर उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा मुलाखत द्यावी लागायची. त्या जशा घरी बोलत तशाच वर्गात बोलायच्या. फळ्यावर वाकडा बाण काढायच्या आणि म्हणायच्या, “इलेक्ट्रॉन कुठी जाऊन राह्यला ते पाह्यजा. तो काऊन जाते ते समजलं त पाठ कराची गरजच नाई.”

माझी माय असंच बोलते. बाबा असेच बोलतात. मीही गावच्या बसमध्ये चढले की असंच बोलते. सर मूळचे वरोऱ्याकडचे, म्हणजे तेही असंच बोलत मोठे झाले असणार. पण त्यांनी पुण्यात दोन वर्षं काढली होती आणि ती दोन वर्षं ते अजून वापरत होते.

मी पहिल्या सेमिस्टरला सेंद्रिय रसायनात नापास झाले होते. रेणू कागदावर सपाट दिसतो, तो हवेत कसा वळतो ते मला दिसायचंच नाही. काचेच्या कपाटाची किल्ली सरांकडे. मग मॅडमनी गावाहून बांबूच्या बारीक काड्या तासून आणल्या, मोहाच्या बियांना भोकं पाडली आणि मॉडेलं बनवली. सहा बियांचं कडं. ते हातात धरून एक टोक खाली दाबलं की दुसरं वर यायचं. पुस्तकातली चार पानं दोन बोटांत समजायची. एकदा त्यांनी ते वर्गात आणलं. सर दारातून जात होते. थांबले आणि म्हणाले, “मॅडम, हा रसायनशास्त्राचा विभाग आहे. बुरूडआळी नाही.”

त्यानंतर ती मॉडेलं वर्गात आली नाहीत. मॅडम भाड्याच्या खोलीत राहायच्या, औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते तो भाग. हॉस्टेलमधल्या आम्ही चार मुली रविवारी तिथं जायचो. जमिनीवर बसायचं, बिया-काड्या मध्ये. त्या चण्याची उसळ करायच्या. कुणाचं उत्तर चुकलं तर म्हणायच्या, “चुकलं त चुकलं. काऊन चुकलं ते सांग, मंग पुढं जाऊ.” मी तिथं पास झाले. त्या खोलीत. त्या जमिनीवर.

त्यांच्याबद्दल मुलांचं खरं मत काय होतं, हे फॉर्ममध्ये कुठंच नाही, म्हणून इथं सांगते. कॅन्टीनमध्ये मुलं म्हणायची, कोवे मॅडमचं शिकवलेलं डोक्यात घुसते बे. आणि लगेच दुसरा म्हणायचा, “पण मॅडमसारखी मॅडम वाटत नाई ना यार.” सरांबद्दलही मत होतं: “सरचं काईच समजत नाई, पण सर लय भारी आहे.” आमचा सगळा वर्ग या दोन वाक्यांत मावतो. त्यात शेतकऱ्यांची पोरं होती, खाणमजुरांची होती, माझ्यासारखी होती. समजलं तर माणूस लहान, नाही समजलं तर माणूस मोठा. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही ते घेऊन आलो होतो.

तर मी नऊ कोरे फॉर्म घेतले आणि विचार करू लागले. एखादी आळशी मुलगी असती तर तिनं ‘शिकवणे समाधानकारक नाही’ असं नऊदा लिहिलं असतं. माझ्याकडे वाचनाचा अभिमान होता. मला प्रत्येक मत वेगळ्या माणसाचं वाटायला हवं होतं. आणि खोटं लिहायचीही गरज पडली नाही. मॅडमची एकेक चांगली गोष्ट घ्यायची आणि दुसऱ्या अंगानं सांगायची. एकच अभिक्रिया तीन वेळा समजावतात: ‘अभ्यासक्रम मागे पडतो.’ का चुकलं विचारतात: ‘न्यूनगंड येतो.’ बांबूच्या काड्या: ‘बियांना भोके पाडून शिकवल्याने विषयाचे गांभीर्य राहत नाही.’ बाजाराचं वाक्य शेवटी सुचलं. सुचलं तेव्हा मी खोलीत एकटीच होते. स्वतःवर खूष झाले होते. पेन खाली ठेवून ते वाक्य पुन्हा वाचलं होतं.

मला मजा आली होती. सगळ्यात जड मला हेच लिहायला जातं.

समिती आली, गेली. दर्जा चांगला मिळाला. सरांनी पुष्पगुच्छ स्वीकारले आणि मग त्यांना कल्पना सुचली की विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचं जाहीर वाचन करावं, पारदर्शकता म्हणून. स्वतःबद्दलची मतं त्यांनी आधी वाचली. दिव्याच्या वाक्याला आवाज पुन्हा जड झाला. मग मॅडमना उभं केलं.

त्या दिवसानंतर मी तीन रविवार गेले नाही. ताप आहे असं मैत्रिणींना सांगितलं.

चौथ्या आठवड्यात मॅडमना कॉलेजचं पत्र आलं. विद्यार्थ्यांचे अभिप्राय असमाधानकारक असल्यामुळे जूनच्या मुलाखतीला लेखी खुलासा घेऊन यावा. सोबत नऊ फॉर्मच्या झेरॉक्स. ज्या कागदांना गोपनीय म्हटलं होतं ते आता त्यांना घरपोच मिळाले. उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. तासिकेवरच्या माणसाचं काम एप्रिलमध्ये संपतं, म्हणून त्या खोली सोडून गावाला निघाल्या होत्या. आम्ही चौघी सामान बांधायला गेलो. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. बाकीच्या तिघी गादी घेऊन खाली उतरल्या आणि मी पुस्तकांना दोरी बांधत मागे राहिले.

मॅडमनी त्या झेरॉक्स जमिनीवर पसरल्या. जिथं मॉडेलं मांडायचो तिथंच.

“नऊ कागद हायेत. अक्षर नऊ जणांचं. पण डोये एकाच पोरीचे.”

मी दोरीची गाठ मारत राहिले.

“काड्या मी वर्गात एकडाव आणल्या. पाच मिनिट. ह्या पोरीनं लिवलं, बियायले भोकं पाडून. ते भोकं ह्या खोलीत बसल्याबिगर दिसत नाईत.” त्यांनी ती झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. “मले एवढं बारीक आजवर कोनंच पाह्यलं नाई.”

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की या बाई अजूनही शिकवतायत. पुरावा कसा वाचायचा ते.

मी सगळं सांगितलं. केबिन, तराजूंची खोली, चार पेनं. त्यांनी विचारलं नाही की तू कशी करू शकलीस. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“हे असंच लिहून देशीन? तुह्या सहीनं? खुलाशाले जोडाले.”

“देईन मॅडम,” मी म्हणाले. “प्रॅक्टिकल होऊ द्या.”

मॅडमनी कागद गोळा केले.

“होऊ दे,” म्हणाल्या.

प्रॅक्टिकल मे महिन्यात झालं. सर परीक्षक. त्यांनी मला एक सोपा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर स्वतःच दिलं आणि पुढची विद्यार्थिनी बोलावली. तेव्हा मी लिहून द्यायला हवं होतं. पण गुण विद्यापीठात जाईपर्यंत बदलता येतात, असं कुणीतरी म्हणालं. मग मी ठरवलं, निकाल लागू दे. जूनमध्ये मॅडमचा फोन आला. मी राजुऱ्याच्या बसस्टँडवर होते. स्क्रीनवर त्यांचं नाव बघत राहिले. वाजून बंद झाला. दोन दिवसांनी पुन्हा आला. तोही वाजून बंद झाला.

मुलाखतीत काय झालं ते मला नंतर प्रयोगशाळेच्या सहायकाकडून कळलं. मॅडमनी तोंडी सांगितलं की ही मतं वर्गातल्या मुलांनी लिहिलेली नाहीत. सरांनी विचारलं, मग कुणी लिहिली, नाव सांगा. त्यांनी नाव सांगितलं नाही. सरांना तर ते माहीतच होतं. टेबलापलीकडच्या बाकीच्यांना माहीत नव्हतं, आणि माझं नाव घेतलं असतं तर मला बोलवावं लागलं असतं. माझे प्रॅक्टिकलचे गुण, माझा निकाल, सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं. ज्या मुलीनं फोन उचलला नाही तिला त्यांनी वाचवलं आणि खाली उतरून गडचिरोलीची बस धरली.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिचा काही दोष नाही. मॅडमना सहा वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र मिळालं. त्यात शेवटची ओळ सरांनी स्वतः घातली होती: ‘विद्यार्थ्यांचे अभिप्राय असमाधानकारक.’ हे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय सहा वर्षं कुठं धरली जात नाहीत, आणि दाखवलं की ती ओळ वाचली जाते. त्यानंतर त्यांनी पाच कॉलेजांत मुलाखती दिल्या, हे मला रविवारच्या मैत्रिणींकडून कळत गेलं. पाचही ठिकाणी विचारलं गेलं, मुलं तुमच्याबद्दल असं का म्हणाली. आज त्या एका आश्रमशाळेत आठवीला विज्ञान शिकवतात. तेही वर्षावर्षाच्या नेमणुकीवर.

गुणपत्रिका जुलैच्या शेवटी आली. प्रॅक्टिकलला शंभरपैकी पंच्याण्णव. मी ती घरी नेली, बाबांनी गल्लीत पेढे वाटले. डबा माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी मी निवेदन लिहिलं. माझ्या खऱ्या अक्षरात. नऊ मतं कोणती, कुणाच्या सांगण्यावरून, कुठं बसून, कोणत्या पेनानं. खाली नाव, रोल नंबर, सही.

कॉलेजच्या ऑफिसात आवक खिडकीवरच्या बाबूनं ते वाचलं आणि परत सरकवलं. असा कागद घेता येत नाही म्हणाला. मी पोच मागितली.

“काऊन तमाशा करून राह्यली बाई? पास झाली ना तू?”

मी खिडकीसमोरच्या बाकावर बसले. जेवायची सुट्टी झाली, संपली. तीन वाजता सरांना बोलावलं गेलं. त्यांनी निवेदन उभ्यानंच वाचलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दुखावल्याचा भाव होता, आणि मला खात्री आहे की तोही खरा होता.

“तुमच्यातली एक मुलगी पुढं जावी म्हणून मी हात दिला. हे त्याचं फळ?”

“सर, तुम्ही हात दिला नाही. माझा वापरला. आणि मी वापरू दिला.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी न घाबरता बोलले होते. पण त्यात अभिमान वाटावा असं काही नाही. त्यांच्या हातात माझं काही उरलं नव्हतं, म्हणून बोलले. शौर्याची तारीख मी गुणपत्रिकेच्या तारखेनंतरची निवडली होती.

सर निघून गेले. बाबूनं इकडंतिकडं पाहिलं आणि कागद ओढून त्यावर शिक्का मारला. “शिक्का मारून देतो. पण मी हे वाचलं नाई,” म्हणाला. त्या निवेदनाचं पुढं काही झालं नाही. मी दोनदा स्मरणपत्र दिलं. मग नोकरी लागली, आणि तिसरं दिलं नाही.

आता मी गडचिरोलीत पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. हातपंपांचे नमुने येतात, मी लोह आणि फ्लोराइड मोजते, अहवालाखाली सही करते. अजून कायम व्हायची आहे. मागच्या आठवड्यात फोन आला. सर. ते आता प्राचार्य आहेत. समिती पुन्हा येतेय आणि समितीला माजी विद्यार्थ्यांशी बोलायचं असतं. निवडक दहा जण बोलावलेत.

“तुमच्यासारख्या मुली म्हणजे कॉलेजची शान,” सर म्हणाले. जुनं पत्र आपण मनावर घेतलं नव्हतं, हेही त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. दोन मिनिटं बोलायचं, चांगलं बोलायचं, आणि काय बोलणार ते आधी लिहून पाठवायचं. तुम्ही छान लिहिता, म्हणाले.

मी येते म्हणाले.

मग मॅडमना फोन केला. त्या जूननंतर पहिल्यांदा. तीनदा वाजला आणि त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे पोरांचा गलका होता. मी म्हणाले, मॅडम, मला माफ करा असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण—

त्यांनी मध्येच तोडलं. “माफी गिफी राहू दे. माहा तास हाय. ते प्रमाणपत्रातली ओळ खोडून आन. जमते का सांग, नाई त फोन ठेव.”

जमतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, आणते. फोन बंद झाला.

त्याला चार दिवस झाले. मी सरांना भाषण पाठवलेलं नाही. निवेदनाच्या शिक्का असलेल्या प्रती काढल्या आहेत, समितीतल्या प्रत्येकासाठी एक. प्रयोगशाळेतले साहेब म्हणतात, खोटे कागद तयार केल्याचं तू स्वतःच्या तोंडानं कबूल करणार, तुझ्यावरच चौकशी बसेल, कायम होणं लांबच राहील. बरोबर आहे त्यांचं. बसायलाच हवी. ते फॉर्म मी तयार केले होते.

समितीसमोर माझी पाळी आली की मी उभी राहीन. मला कुणी उभं करायची वाट बघणार नाही. नऊ मतं एकेक करून सांगीन आणि प्रत्येकापुढं माझं नाव घेईन. ऋषितुल्य आणि दिवा हीसुद्धा माझीच, तेही सांगीन, सरांचे डोळे भरून आले तर येवोत. मग प्रमाणपत्र दुरुस्त करून द्या असा लेखी अर्ज त्याच टेबलावर ठेवीन आणि पोच घेतल्याशिवाय खाली बसणार नाही. त्यांनी नाही दिलं तर विद्यापीठात जाईन. तिथं नाही झालं तर मॅडम जिथं मुलाखत देतील त्या प्रत्येक दारात निवेदन घेऊन उभी राहीन, त्यांनी बोलावलं नाही तरी, त्यांना माझं तोंड बघायचं नसलं तरी.

या वेळी मी कशाचाही निकाल लागायची वाट बघणार नाही.